भट्टी निवायच्या आधी

चाळण गेली ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

रांजणवाली अंगणात बसून वाळलेली माती कुटत होती. शेजारीण, जिला सगळी गल्ली घार म्हणायची, फाटकातून आत आली, भिंतीला टेकवलेली चाळण तिनं उचलली, दोनदा झटकली आणि "नेते हो विहीणबाई" म्हणत काखेत मारून चालू लागली. मागणं नाही, विचारणं नाही. मागितलं की समोरचा नाही म्हणू शकतो, हे घारीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती कधी मागतच नसे, नुसती कळवत असे.

गल्लीत मडकी करणारी चार घरं, आणि आपलं सोडून बाकीच्या तिन्ही घरांतून घारीनं काही ना काही नेलेलं. बहिऱ्या म्हाताऱ्याचं खोरं तिनं तो खोऱ्यावर हात टेकून उभा असताना नेलं होतं. तो बिचारा तोल जाऊन पडता पडता वाचला. कोपऱ्यावरच्या बाईच्या चपला घालून ती त्याच बाईकडे हळदीची चिमूट मागायला गेली होती. कुणी धीर करून म्हणालं, "अहो, ही बादली आमची," तर घार बादली फिरवून बघायची आणि म्हणायची, "हो का? बरं झालं सांगितलंत. आता जपून वापरीन." त्यावर माणूस काय बोलणार? तोंडात बोट घालून घरी जायचा.

पूर्वी अशा वेळी रांजणवालीच पुढे व्हायची. पदर खोचून घारीच्या दारात उभी राहायची आणि गल्लीचं सामान परत आणायची. तिच्या नाकावर माशी बसलेली तिला खपत नसे. पण दोन वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेक घारीच्या घरात सून म्हणून गेली आणि रांजणवालीच्या तोंडाला कुलूप लागलं. लेक दिलेल्या घराशी भांडायचं कसं? भांडण इकडे करायचं आणि त्याची झळ तिकडे लेकीला लागायची. घारीलाही हे कळत होतं. दोन वर्षांत सगळ्यांत जास्त सामान रांजणवालीच्याच घरून हललं, अगदी विहिरीचा दोरसुद्धा.

चाळण गेली तेव्हा ती गप्प बसली. चार दिवसांनी तिचं लाकडी चोपणं गेलं, तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोपणं म्हणजे रांजणवालीचा उजवा हात. नवरा चाकावर जाड बुडाचं, बसकं भांडं काढून द्यायचा. मग ती आतून दगडी गुंडा धरायची, बाहेरून चोपण्यानं थापटायची, आणि थापटता थापटता ते भांडं फुगत, उंच होत कमरेएवढा रांजण व्हायचं. त्या चोपण्याच्या मुठीला तिच्या बोटांचे खळगे पडले होते.

"चोपणं नेलं तुमच्या विहिणीनं," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा चाकाजवळ बसून बोटांची माती काढत होता. त्याला गल्लीत सगळे मुका म्हणत. बोलता येत होतं त्याला. पण दिवसाला मोजून चार शब्द खर्च करायचा.

"लेकीचं घर आहे," तो म्हणाला.

"लेक दिली, आता चोपणंही द्यायचं? उद्या चाक मागतील."

मुक्यानं चाकाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा बोटं साफ करायला लागला. त्या दिवसाचे शब्द संपले होते.

तिनं जुनं, चिरलेलं चोपणं शोधून काढलं आणि कामाला लागली. थांबायला वेळ नव्हता. हमरस्त्यावरच्या एका मोठ्या धर्मशाळेला पाण्यासाठी डझनभर रांजण हवे होते, आणि माल नेणाऱ्या गाडीवाल्यानं ते काम तिला दिलं होतं. देताना बजावलंही होतं, "मावशी, बाराच्या बारा पाहिजेत. एक जरी कमी पडला तरी ते लोक प्लास्टिकच्या टाक्या बसवणार आहेत. पण पुरे दिलेत, तर दर उन्हाळ्याला मी तुमच्याच दारात येईन." प्लास्टिकनं मडक्याचं काम आधीच अर्ध्यावर आणलेलं. रांजण करणारं तर गल्लीत एवढं एकच घर उरलं होतं. हे काम हातचं गेलं, की तिनं आणि मुक्यानं कुंड्या करत बसायचं होतं.

तडकतात म्हणून तिनं बाराऐवजी चौदा घडवले. प्रत्येकाच्या गळ्याखाली, ओल्या मातीत, नेहमीसारखी खूण केली. दोन नखं आणि मध्ये एक टिंब.

त्या दिवसांत पलीकडून, घारीच्या परसातून, रोज दुपारी थप् थप् आवाज यायचा. रांजणवाली हात थांबवून ऐकायची. घारीचं घर वाडगी आणि कुंड्या करणारं. त्यांना एवढं थापटायला काय लागतं? आणि थापटायचं ते माझ्याच चोपण्यानं! एकदा लेक नळावर भेटली तेव्हा तिनं विचारलं, "काय चाललंय गं तुमच्याकडे?"

लेकीच्या पोटऱ्यांपर्यंत माती वाळलेली होती. ती हसली. "काही नाही. कळेल."

"कळेल म्हणजे?"

"अगं, कळेल की." आणि हंडा उचलून गेलीसुद्धा.

रांजणवालीच्या मनात पाल चुकचुकली. घार काहीतरी शिजवतेय, आणि आता लेकही तिला सामील झाली. दोन वर्षांत पोर सासूच्या वळणावर गेली, असं तिला वाटलं आणि ते वाटणं दिवसभर दातात अडकलेल्या तंतूसारखं सलत राहिलं.

यंदा जळणाचे हाल होते. वीटभट्टीवाल्यानं गिरणीतला भुसा, तूस, लाकडाचा चुरा, सगळं आधीच उचललेलं. एकेकट्या घराला भट्टी लावणं परवडेना, तेव्हा चारही घरांनी मिळून गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत एकच मोठी भट्टी लावायचं ठरवलं. चार बाजू चार घरांना. मोठी भांडी कडेला लावायची, बारीकसारीक मध्ये, ही नेहमीची रीत. घारीची बाजू नेमकी रांजणवालीच्या बाजूला लागून आली. हे ऐकल्यावर रांजणवालीला जेवण गोड लागेना.

त्यातून भट्टी लावायच्या दिवशीच भुशाच्या खेपा तिच्या वाट्याला आल्या. दूरच्या गिरणीवर थोडं तूस मिळतंय असं कळलं होतं. ती डोक्यावर पोती घेऊन उन्हातून चालत होती आणि प्रत्येक पावलाला तिचा जीव भट्टीपाशी होता. मुका तिथं होता, पण मुक्याच्या अंगावरचा सदरा काढून नेला तरी तो काही बोलायचा नाही.

शेवटची खेप घेऊन ती आली तेव्हा भट्टी लागून झाली होती. वरून खापरांचा थर, त्यावर तूस, त्यावर मातीचा लेप, सगळं बंद. आणि मुका नव्हता.

"उसण भरली त्याला," बहिरा म्हातारा ओरडून म्हणाला. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तो जगाशी ओरडूनच बोलायचा. "खाटेवर घालून नेला घरी! वाकला तो वाकलाच!"

घरी मुका पालथा पडून कण्हत होता. तिनं वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्याच्या कमरेवर ठेवली.

"लागलं का सगळं नीट?"

"लागलं."

"घार जवळ होती का?"

"हं."

त्या हुंकाराचा अर्थ तिनं तिला हवा तो घेतला.

भट्टी पेटली, धुमसली, धूर काळ्याचा पांढरा झाला. मग निवायला सोडली. कडा लवकर निवतात, मधला भाग उशिरा. आतली राख धगधगत असते आणि घाई करून हात घातला तर गार वारा लागून भांडी तडकतात. म्हणून आधी कडेचा माल काढायचा आणि मधल्याला एक दिवस आणखी द्यायचा. हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

कडा उघडायच्या दिवशी रांजणवाली सकाळीच गेली, पण घार तिच्याही आधी येऊन, आपली बाजू उघडून, मालाची ओळ लावून घरी गेलीसुद्धा होती. रांजणवालीनं आपल्या बाजूचा लेप फोडला. खापरं बाजूला केली. एक रांजण निघाला, दुसरा, तिसरा. आठ निघाले. एकाच्या पोटातून सरळ चीर गेलेली होती. राहिले सात.

आणि पुढे कड संपली. तिनं खापरं उकरली, राख चाचपली. आतून मधल्या भागाची धग चेहऱ्यावर आली तशी ती मागे सरली. सहा रांजण नाहीत! सहा कमरेएवढे रांजण काही सुई नव्हेत, की राखेत हरवतील.

तिनं मान वळवली. घारीच्या ओळीत वाडग्यांच्या आणि कुंड्यांच्या पलीकडे पाच रांजण उभे होते.

ती जवळ गेली. खाली वाकून पाहिलं. गळ्याखाली दोन नखं आणि मध्ये एक टिंब.

आता आणखी काय बघायचं होतं? सहावा तडकला असेल, नाहीतर घरात नेऊन ठेवला असेल. मी तिकडे तुसाची पोती वाहत होते, हा उसण भरून पडला होता, आणि हिनं माझे कच्चे रांजण उचलून आपल्या बाजूला लावले. ती थप् थप् काय उगीच चालली होती? लोकांना ऐकू यावी म्हणून! उद्या कुणी विचारलं तर म्हणायला बरं, की आम्हीपण रांजण करत होतो. रांजणवालीला एकेक गोष्ट अशी जुळत गेली आणि जुळली तशी तिला ती पटत गेली. लेकीचं ते "कळेल" तर आता तिला पुरतं कळलं.

ती घरी आली. मुका डोळे मिटून पडला होता. त्याला हलवून विचारावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण तो काय म्हणणार हे तिला पाठ होतं. लेकीचं घर आहे म्हणेल आणि हात धरून बसवेल. तिनं त्याला उठवलं नाही. कोनाड्यातली चुंबळ घेतली आणि बाहेर पडली.

दुपारी गाडी आली. भट्टीच्या मोकळ्या जागेत गाडीवाल्यानं ती उलटी लावली, फळका पाडला, आत पेंढा पसरला. तिनं आपले सात चढवले.

"बाकीचे पाच?" गाडीवाला म्हणाला.

"आणते की."

घारीचं घर जागेला लागूनच. दार उघडं होतं आणि आत घार जेवायला बसलेली दिसत होती. रांजणवाली सरळ तिच्या ओळीपाशी गेली, पहिला रांजण उचलून डोक्यावर घेतला, आणि दारातून आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "नेते हो विहीणबाई!"

अगदी घारीचा सूर. बहिरा म्हाताराही मान वर करून बघायला लागला.

घार दुसऱ्या रांजणाच्या वेळी बाहेर आली. उजवा हात खरकटा, तोंडात घास. "अहो, अहो! काय करताय?"

"माझं सामान नेतेय. कळवलं नाही म्हणू नका."

"तुमचं? हे आमचे रांजण आहेत!"

कोपऱ्यावरची बाई आपल्या वाडग्यांवरची राख पुसत होती, ती खो खो हसली. "तुमचे? आणि रांजण? बाई, तुमच्याकडे आजवर आमच्या चपलांशिवाय मोठं काही निघालं नाही!"

"माझ्या सुनेनं घडवलेत! विचारा तिला!" घारीचा आवाज चिरकला. आयुष्यभर दुसऱ्याचं आपलं म्हणताना तो कधी चिरकला नव्हता.

"घडवलेत?" रांजणवाली रांजण खाली ठेवून उभी राहिली. "माझ्या पोटची पोर आहे ती. तिचा हात मला ठाऊक आहे. जड आहे. माझ्या घरी असताना मी तिला रांजणाला हात लावू दिला नाही. आणि ही खूण बघा. गाडीवालेदादा, तुमच्या गाडीत सात आहेत ना? बघा त्यांच्या गळ्याखाली."

गाडीवाल्यानं बघितलं. दोन नखं, एक टिंब. त्यानं मान डोलावली.

"खूण तिचीही तीच आहे! आईनंच शिकवली ना तिला!" घार तळमळून म्हणाली. पण तिच्या तोंडून निघालेली गोष्ट गल्लीत कोण खरी मानणार? लोक एकमेकांकडे बघून हसत होते. खोऱ्याचं काय झालं, दोराचं काय झालं, असं कुणी कुणी विचारायलाही लागलं. "सूनबाई! ए सूनबाई! ये गं इकडे!"

लेक परसातल्या मातीच्या खड्ड्यातून आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काही नाही. जावई भुशाच्या मागे परगावी गेलेला. ती एकटीच येऊन मध्ये उभी राहिली. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला आई, मध्ये रांजण, आणि भोवती गल्ली.

"सांग," घार म्हणाली. "कोणाचे आहेत?"

लेकीनं रांजणांकडे पाहिलं. मग गाडीकडे, आधीच चढवलेल्या रांजणांकडे. मग आईकडे. रांजणवाली कमरेवर हात देऊन उभी होती, कपाळावरून घामाचा आणि राखेचा ओघळ आलेला, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती.

"आईचे," लेक म्हणाली.

खरकटा हात तसाच धरून घार आत निघून गेली. रांजणवालीला वाटलं, आता आणखी कसला पुरावा हवा? घार गप्प बसते म्हणजे चोरी शंभर टक्के खरी. तिनं उरलेले रांजण गाडीत चढवले. शेवटच्याला गाडीवाल्यानं हात दिला. "मावशी, यंदा माल फर्मास आहे," तो म्हणाला. "ह्या मागच्या पाचांना तर काय नाद आहे! असेच पाहिजेत बरं का पुढच्या वर्षी." आणि गाडी गेली.

त्या संध्याकाळी रांजणवालीच्या अंगात हत्तीचं बळ होतं. तिनं अंगण झाडलं, मुक्याची कमर शेकली, दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली. पलीकडून थप् थप् ऐकू येत नव्हती. नाटक संपलं, ती मनात म्हणाली. लेक मात्र आली नाही. सासूची बोलणी खात असेल पोर, पण भर गल्लीत खरं बोलली. शेवटी रक्त कुणाचं आहे! तिला लेकीचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुका काठी टेकत उठला. भिंतीला धरून चार पावलं टाकली आणि दारात थांबला.

"मधले काढू चल," तो म्हणाला.

"मधले काय? वाडगी ना? काढते मी सावकाश."

"रांजण."

ती चूल सारवत होती. "कुठले रांजण?"

मुक्यानं इतका मोठा खुलासा आयुष्यात केला नसेल. तूस कमी होतं, कडेला धग पुरेल असं वाटेना. म्हणून त्यानं मधला खड्डा आणखी खोल केला, सहा रांजण खाली उपडे लावले आणि वर वाडगी रचली. सहावा लावतानाच कमर गेली.

"मला सांगायचं नाही?"

"नीट लागलं का विचारलंस. लागलं म्हणालो."

ती धावत भट्टीवर गेली. मधली राख आता कोमट होती. तिनं दोन्ही हातांनी ती उपसली, वाडगी बाजूला फेकली, त्यातली दोन-तीन फुटली तरी तिचं लक्ष नव्हतं. खाली लालभडक बुडं दिसली. एक, दोन, सहाच्या सहा. सगळे धड.

तिनं एक उचलला आणि उचलताच तिला कळलं. हा जड होता. काल डोक्यावरून नेलेले पाच असे जड नव्हते. तिनं बोटानं टिचकी मारली, कड चिमटीत धरून पाहिली. चिरलेल्या चोपण्याचं काम होतं, कड जाड बसली होती. कालच्यांची कड पातळ होती, सगळीकडून सारखी. काल हे सगळं तिच्या हातांना लागलंच होतं की. पण रागाच्या भरात हातांचं ऐकायला तिला सवड नव्हती.

तिनं रांजण परत राखेत ठेवला. मुका मागून काठी टेकत आला.

"गाडीत काय भरलंस मग?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. त्यानं काठीच्या टोकानं राख सारखी केली.

"तिचे," तो म्हणाला. "जावई बोलला होता. रांजण करतेय, आईला सांगू नका म्हणाली."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत!"

"नका म्हणाली ना."

घारीनं चाळण नेली, चोपणं नेलं, दोर नेला. ते सगळं एका पारड्यात टाकलं तरी तिनं स्वतः काल जे नेलं त्याच्या पासंगालाही लागणार नव्हतं. आणि नेलं ते पोटच्या पोरीचं. त्या पोरीनं चारचौघांत स्वतःच्या हातांनी ते तिला देऊन टाकलं होतं.

तिनं रांजण डोक्यावर घेतला आणि घारीच्या दारात गेली.

घार उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. चाळण रांजणवालीचीच. तिनं वर पाहिलं, रांजण पाहिला, रांजणवालीच्या कोपरांपर्यंतची राख पाहिली आणि तिला सगळं उमगलं. तिचा चेहरा असा उजळला, की तो उजेड बघणं रांजणवालीला जड गेलं.

"मध्ये निघाले वाटतं?"

"हो."

"सगळे धड?"

"हो. तुमचे पाच मी चोरले, विहीणबाई. हे घ्या. बाकीचे आणते."

"हळू काय बोलता? काल गल्ली ऐकत होती. आजही ऐकू दे बिचारीला."

कोपऱ्यावरची बाई दारात आलीच होती. बहिरा म्हातारा भिंतीच्या सावलीत बसलेला. रांजणवालीनं डोक्यावरचा रांजण उतरवला नाही. तशीच वळून ती म्हणाली, "कालचे रांजण यांचे होते. मी चोरले."

"काय?" बहिरा म्हातारा म्हणाला.

"रांजण! यांचे होते!"

"काय झालं रांजणांना?"

"मी चोरले!" ती किंचाळली. "मी! चोरले!"

आवाज गल्लीच्या पार टोकाला गेला. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. "मग कालच सांगायचं की," तो म्हणाला.

घारीनं गहू बाजूला ठेवले. "माझं कसं आहे, विहीणबाई," ती आरामात म्हणाली, "मी चाळण नेते, दोर नेते, कबूल आहे. पण अख्खा रांजण डोक्यावर घेऊन, गाडी दारात लावून, माणसं जमवून? नाही हो. एवढी छाती आपल्याला नाही." तिनं उठून रांजण उतरवून घेतला, टिचकी मारून पाहिली. "चालेल. जरा जड आहे."

रांजणवालीनं आणखी चार खेपा केल्या. पाच रांजण घारीच्या भिंतीला उभे राहिले. मग तिनं विचारलं, "ती कुठाय?"

"खड्ड्यात. चोपणं काढून घेतलंय मी तिच्या हातातून. आईच्या नावानं काम करायचं असेल तर आईकडे जाऊन करावं. आमच्या घरचं खाऊन कशाला?"

परसात लेक माती तुडवत होती. पायांनी गोल गोल, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. तिनं किंचाळी ऐकली असणारच, पण मान वर केली नाही. रांजणवाली खड्ड्याच्या काठावर उभी राहिली.

"काल बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सगळ्यांसमोर तुला चोर म्हणू?"

"मी तुझ्या सासूला म्हणाले."

"तिला सवय आहे." लेक तुडवत राहिली. पायांचा पच् पच् आवाज येत होता. "काल संध्याकाळी तुला बोलवणार होते. ओळ लावून ठेवली होती. म्हटलं, तुझे काढून झाले की तू येशील, बघशील. मग तू आलीस आणि नुसती खूण बघितलीस. रांजण बघितलाच नाहीस."

"बघितला."

"काय बघितलास?"

रांजणवालीला सांगायचं होतं की कड पातळ होती, नाद खणखणीत होता, गाडीवाला त्याच पाचांवर खूश झाला. या पोरीला आयुष्यात कधी चांगलं म्हणालेली नसल्यामुळे जीभ वळत नव्हती. शेवटी निघालं ते असं निघालं, "चांगले होते. म्हणून मला माझेच वाटले."

लेकीचे पाय थांबले. तिनं आईकडे पाहिलं आणि तिच्या तोंडावर हसू येतंय की रडू हे रांजणवालीला कळेना. मग ती परत तुडवायला लागली, आधीपेक्षा जोरात.

रांजणवालीनं हात पदराला पुसले. हातांची राख आता घामानं चिकट झाली होती. गाडीवाला म्हणाला होता, असेच पाहिजेत. असे रांजण ती करू शकत नव्हती. या वर्षी नाही आणि पुढच्याही वर्षी नाही. ते कुणी केलेत हे फक्त या गल्लीला ठाऊक होतं, आणि गाडीवाला गल्लीतला नव्हता. तोंड मिटून बसलं असतं तर दर उन्हाळ्याला गाडी तिच्याच दारात लागली असती.

"गाडीवाला पुन्हा आला," ती म्हणाली, "की त्याला इकडे पाठवते. म्हणावं, ते पाच माझ्या लेकीचे. पुढचं काम तिला द्या."

बोलली आणि थांबली. लेक आता म्हणेल, नको आई, तुमचं कसं होईल? मग आपण म्हणू, आमचं होईल काहीतरी, आम्ही दोघंच तर आहोत. मग ती पुन्हा नको म्हणेल. तेवढ्यासाठी ती काठावर उभी होती.

लेकीनं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले.

"पाठव," ती म्हणाली.